खोटे लग्न, खरे घर

अभ्यासशिबिरात रात्री करमणुकीचा कार्यक्रम असावा की नसावा, हा आपल्याकडील जुना वाद आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या तालुक्याच्या शिबिरात तरुण मंडळींनी तो आपल्या पद्धतीने निकालात काढला. जेवणे आटोपताच शाळेच्या मोठ्या वर्गात भिंतीवर पांढरे धोतर ताणून बांधले गेले आणि ‘बधाई दो’ हा हिंदी चित्रपट सुरू झाला. पुढल्या रांगेत बसलेली आम्ही जुनी माणसे अर्ध्या तासात उठून झोपावयास जाणार होतो. उठलो नाही. हसता हसता दोन तास कसे गेले ते कळले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चा निघाली, तेव्हा आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “सिनेमा चांगला आहे, नाही कशाला म्हणू? पण हे शहरातल्या सुखवस्तू लोकांचं दुखणं आहे. आपल्यापुढं कापसाचा भाव आहे, पाणी आहे, रोजगार हमी आहे. यात आपण कशाला पडायचं?” ज्यांनी हे म्हटले त्यांनी आयुष्यभर मोर्चे काढले आहेत, लाठ्या खाल्ल्या आहेत, आणि स्वतःच्या मुलीचे आंतरजातीय लग्न गावाचा बहिष्कार पत्करून लावले आहे. त्यामुळे त्यांच्या प्रश्नाला प्रतिगामी म्हणून बाजूला सारणे सोपे नाही आणि योग्यही नाही. त्या सकाळी मला धड उत्तर देता आले नाही. ते आज देण्याचा हा प्रयत्न आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. हर्षवर्धन कुलकर्णी यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रदर्शित झाला. गाव डेहराडून. शार्दूल ठाकूर हा महिला पोलीस ठाण्यात नेमणूक असलेला तरुण अधिकारी. शरीर कमावण्याचा षोकी, घरी आई, ताई, काकू अशा बायकांच्या गराड्यात वाढलेला. सुमन सिंह ही शाळेत खेळ शिकविणारी बाई. तिशी ओलांडली तरी दोघांची लग्ने व्हावयाची आहेत आणि दोन्ही घरांत त्यापलीकडे दुसरा विषय नाही. सुमनला त्रास देणाऱ्या एका पोराची तक्रार घेऊन ती ठाण्यात येते. त्या प्रकरणात शार्दूलला कळते की हिचे मन स्त्रियांकडे ओढ घेते. आणि मग तो आपलेही गुपित उघड करतो, की त्याचे मन पुरुषांकडे ओढ घेते. तो तिला तोडगा सुचवितो: आपण दोघे लग्न करून टाकू. घरच्यांचे तोंड बंद होईल; पुढे एका छपराखाली राहून ज्याने त्याने आपापले जगावे.

लग्न होते. पोलीस वसाहतीत संसार थाटला जातो. प्रयोगशाळेत काम करणारी ईशान्येकडील रिमझिम सुमनच्या आयुष्यात येते आणि त्या घरात राहू लागते. शेजारपाजारच्या नजरा चुकविता चुकविता जी तारांबळ उडते, तिच्यावर चित्रपटाचा बराचसा विनोद उभा आहे. आणि लग्न पार पडले म्हणजे सुटलो, हा दोघांचा हिशेबही चुकतो. लग्नानंतर घराणे मूल मागते. एक खोटे झाकावयास दुसरे, दुसरे झाकावयास तिसरे, अशी साखळी वाढत जाऊन एक दिवस तुटते. आणि मग घराला जे दिसू नये ते लख्ख दिसते.

राजकुमार राव आणि भूमी पेडणेकर यांची कामे उत्तमच आहेत. पण माझ्या लक्षात राहिली ती शीबा चढ्ढा यांनी उभी केलेली शार्दूलची आई. ही बाई गडबडलेली, काहीशी वेंधळी, घरात कोणी फारशी मोजदाद न करणारी. मुलगा सर्व नातेवाइकांसमोर खरे सांगतो तेव्हा ती व्याख्यान देत नाही. तिला काही ‘समजले’ आहे असेही नाही. तो आपला मुलगा आहे, एवढेच तिला ठाऊक असते, आणि ती त्याच्या बाजूला राहते. सभेत टाळ्या घेणाऱ्या दहा भाषणांचे काम त्या अवघडलेल्या शांततेने केले आहे. आमच्या शिबिरात मागल्या रांगेत महिला आघाडीच्या बाया बसल्या होत्या. तोवर खिदळत होत्या. त्या प्रसंगाला त्या पार गप्प झाल्या.

विनोदाला कमी लेखण्याची आपल्या चळवळीला खोड आहे. दुःख दाखविले म्हणजे प्रश्न मांडला, असे आपण समजतो. परंतु हा विषय आपल्या रंगभूमीने जेव्हा हाताळला तेव्हा काय झाले ते आठवावे. १९८१ साली विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ लिहिले. स्त्रीवर प्रेम करणारी मित्रा त्यांनी मोठ्या धैर्याने मराठी प्रेक्षकासमोर उभी केली. रोहिणी हट्टंगडी यांनी ती साकारली. नाटक थोर आहे यात वाद नाही. पण मित्राला शेवटी मरावे लागते. प्रेक्षक हळहळतो, घरी जातो, आणि त्या हळहळीतच त्याची सुटका होते, कारण मेलेल्या माणसाला घरात जागा द्यावी लागत नाही. विनोदी चित्रपटातली माणसे मात्र मरत नाहीत. ती दुसऱ्या दिवशी चहाला बसतात, पाण्याचे बिल भरतात, सासूशी भांडतात. म्हणून विनोद हा येथे अधिक अवघड प्रश्न विचारतो: हे जिवंत आहेत, आता यांचे काय करणार?

आणखी एक आठवण या ठिकाणी नोंदविली पाहिजे. दीपा मेहता यांचा ‘फायर’ हा चित्रपट १९९८ साली आला, तेव्हा डिसेंबरमध्ये मुंबईत शिवसेनेच्या महिला कार्यकर्त्यांनी चित्रपटगृहांवर चाल करून काचा फोडल्या आणि खेळ बंद पाडले. त्यावेळी राज्यात युतीचेच सरकार होते. पंचवीसेक वर्षांनी त्याच विषयावरचा चित्रपट एका तालुक्याच्या गावी शाळेच्या भिंतीवर पाहून आजी-आजोबा हसत होते. हा बदल आपोआप झालेला नाही. त्यामागे न्यायालयात आणि रस्त्यावर लढलेल्या माणसांचे श्रम आहेत, आणि त्यात आपला वाटा फार मोठा होता असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

आता मूळ आक्षेपाकडे येतो. हे सुखवस्तूंचे दुखणे आहे काय?

१९८७ साली भोपाळमध्ये विशेष सशस्त्र दलातील दोन महिला शिपायांनी एकमेकींशी लग्न लावले. त्या इंग्रजी शाळांत शिकलेल्या नव्हत्या, त्यांनी परदेशी पुस्तके वाचली नव्हती. सरकारी नोकरीत पोट भरणाऱ्या, साध्या घरातल्या त्या दोघी होत्या. त्यांना नोकरीवरून काढून टाकण्यात आले. ‘बधाई दो’मधला पोलिसाचा गणवेश पाहताना मला वारंवार त्या दोघींची आठवण होत होती. भाकरी गेली ती त्यांची गेली. ज्याच्याजवळ बंगला आहे, त्याचे गुपित फुटले तरी त्याचा बंगला जात नाही.

वस्तुतः वर्गाचा विचार केला तर आक्षेप उलटाच पडतो. श्रीमंताला कुटुंबाची गरज भावनेपुरती असते. गरिबाला ती जगण्यापुरती असते. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात, तेथे बंद करावयास दारच नसते, मग खासगी आयुष्य कोठून आणणार? आजारी पडल्यावर डबा कोण आणणार, बेकारीत कोण पोसणार, म्हातारपणी कोण पाहणार, या सर्व प्रश्नांचे उत्तर आपल्या राज्यव्यवस्थेने ‘कुटुंब’ असे देऊन ठेवले आहे आणि स्वतः हात झटकले आहेत. अशा वेळी ज्याला कुटुंब बाहेर काढते, त्याच्या हातून नुसते प्रेम जात नाही. त्याचा विमा, निवृत्तिवेतन, दवाखाना आणि छप्पर एकदमच जाते. शार्दूल आणि सुमन खोटे लग्न करतात ते भित्रेपणाने करतात, हे खरे. पण ते लग्न एक प्रकारचा भाडेकरार आहे. लग्न दाखविल्याशिवाय या देशात सुखाने घर मिळत नाही, म्हणून केलेला.

आणि कायदा? भारतीय दंडसंहिता १८६० सालची. तिच्या ३७७व्या कलमाने दीडशेहून अधिक वर्षे या माणसांना गुन्हेगार ठरविले. ते कलम इंग्रजांनी दिले, आणि आपली संस्कृती म्हणून त्याचे रक्षण केले ते स्वदेशीचा घोष करणाऱ्यांनी. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली ते बाजूला सारले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली पुन्हा उभे केले, आणि अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते रद्द केले. तेव्हा गुन्हा संपला. हक्क मात्र सुरू झाला नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लग्नाचा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाही, आणि समलिंगी जोडप्यांना लग्नाची मान्यता द्यावयाची की नाही ते संसदेने ठरवावे. या जोडप्यांना मिळून मूल दत्तक घेता यावे काय, यावर न्यायमूर्तींत तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली आणि उत्तर नकाराचे आले.

दत्तकाचे नियम पाहिले म्हणजे चित्रपटाचा शेवट नीट कळतो. एकट्या स्त्रीला मूल दत्तक घेता येते. एकट्या पुरुषाला मुलगा घेता येतो, मुलगी नाही. दोघांनी मिळून घ्यावयाचे तर लग्न हवे आणि ते किमान दोन वर्षे स्थिर असलेले हवे. सुमनला मूल हवे आहे, रिमझिमलाही हवे आहे. पण कायद्याच्या दृष्टीने रिमझिम त्या मुलाची कोणीच नाही. म्हणून घरच्यांसमोर सगळे खरे उघड झाल्यावरदेखील शार्दूल आणि सुमन यांना कागदावर नवरा-बायको म्हणून राहावे लागते. घरच्यांशी खोटे बोलणे संपले, आता सरकारशी खोटे बोलावयाचे! प्रेक्षक हसतो, पण हा विनोद लेखकाने केलेला नाही, तो राजपत्रात छापलेला आहे.

आमच्या ज्येष्ठ मित्रांसाठी मी मुद्दाम एक गोष्ट राखून ठेवली आहे, कारण ती त्यांच्या आवडत्या विषयाची आहे. २०२३च्या निकालानंतर केंद्राने मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०२४च्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास काही सूचना निघाल्या: अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडता येईल, एकमेकांचे नाव वारस-नामनिर्देशनात घालता येईल, आणि शिधापत्रिकेसाठी त्यांना एकाच कुटुंबातील समजावे, असे केंद्राच्या अन्न खात्याने राज्यांना कळविले. शिधापत्रिका! ज्या प्रश्नाला आपण सुखवस्तूंचे दुखणे म्हणत होतो, तो माणशी पाच किलो धान्याच्या रांगेत येऊन उभा राहिला आहे. अन्नसुरक्षा कायदा २०१३चा. त्यात घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत वयस्क स्त्री ही कुटुंबप्रमुख धरली जाते. दोन स्त्रियांच्या घरी हा नियम लावावयाचा तर दोघींच्या जन्मतारखा पाहून प्रमुख ठरवावी लागेल, आणि मग त्या घरात थोरली कोण यावरून पुरुषप्रधान संस्कृतीला तोंड घालावयास जागा उरणार नाही. कायदा करणाऱ्यांच्या मनात हे नसणार. पण चांगले नियम कधीकधी आपल्या कर्त्यांच्या पुढे जातात.

मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. एका तरुणीला तिच्या माहेरच्यांनी डांबून ठेवले होते आणि तिच्या जोडीदारणीने दाद मागितली होती. न्यायालयाने तिची सुटका केली आणि सांगितले की कुटुंब उभे करण्याचा लग्न हा एकच मार्ग नव्हे. माणसे आपले कुटुंब निवडू शकतात. संसदेला जे सुचत नाही ते एका खंडपीठाला सुचले.

इतके बोलल्यावर चित्रपटाचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर ही जाहिरात ठरेल.

पहिला दोष असा की यात पोलीस हा सोज्ज्वळ, भाबडा माणूस आहे. ३७७व्या कलमाचा धाक दाखवून ज्या माणसांना लुबाडले गेले, तृतीयपंथीयांना ज्या ठाण्यांत रात्र-रात्र बसविले गेले, त्यांना हा विनोद पचावयास जड जाईल. शार्दूल स्वतः भित्रा आहे आणि त्या भीतीपोटी इतरांवर गणवेशाचा रुबाब करतो, एवढी कबुली चित्रपट देतो. त्याच्या पुढे जात नाही. दुसरे असे की या मंडळींना जात आहे ती केवळ आडनावापुरती. ज्याला जातीमुळे गावात घर मिळत नाही त्याच्यावर हे दुसरे ओझे पडले म्हणजे काय होते, याचा विचार चित्रपटाला करावासा वाटलेला नाही. रिमझिम ईशान्येकडील दाखविली हे चांगले, चुम दरांग यांनी ती प्रसन्नपणे वठविली हेही चांगले. पण तिचे घर, तिचे गाव, तिचे म्हणणे यांना फारशी जागा मिळत नाही. ती दुसऱ्याच्या घरात सामावून जाण्यासाठीच आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त खुपते. चित्रपटातले खोटे लग्न दोघांच्या संमतीचे आहे, म्हणून त्यात बळी कोणी नाही. आपल्या गावोगावी असे नसते. तेथे मुलाला काय वाटते हे विचारण्याची प्रथा नाही. ‘लग्न झालं की होईल सरळ’ म्हणून एखादी मुलगी पाहून त्याचे लग्न उरकले जाते. तिला काहीच माहीत नसते. वर्षानुवर्षे आपल्यातच काही कमी आहे असे समजून ती झुरते. मूल झाले नाही म्हणून सासरचे बोल ऐकते, आणि झाले तर आयुष्यभर कोरडी राहते. महिला आघाडीच्या सल्ला केंद्रात बसणाऱ्या आपल्या भगिनींना विचारा. मारहाणीची तक्रार घेऊन आलेली बाई तिसऱ्या-चौथ्या भेटीत खालच्या मानेने हे सांगते. हा विषय चव्हाट्यावर नको म्हणणाऱ्यांना या बाईचे नाव सांगावेसे वाटते. मुलाला मोकळेपणी जगू दिले असते तर हिचेही आयुष्य वाचले असते. स्त्रीमुक्तीचा प्रश्न आणि हा प्रश्न वेगळे नाहीत ते येथे.

शेवटी मुलाच्या निमित्ताने होमहवन होते आणि त्या धुरात सर्वांचे मनोमीलन होते, यावर आमच्या काही मित्रांनी नाक मुरडले. मलाही ते थोडे टोचले. घराला वारस मिळाला म्हणून घराने स्वीकारले, असा त्याचा अर्थ निघू शकतो. मूल नको असलेल्यांनी मग काय करावे? पण ज्या समाजात स्वीकार दाखविण्याची दुसरी जागाच आपण निर्माण केली नाही, तेथे लोक पाटावरच बसणार. पुरोहिताविना लग्नाची सत्यशोधकी परंपरा आपली. तिला आपण किती घरांत नेले, याचा हिशेब आधी द्यावा.

आणि हिशेबाचाच विषय निघाला म्हणून सांगतो. नोंदणी विवाह, आंतरजातीय विवाह, एका हारात आणि एका कप चहात उरकलेली लग्ने यांचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवस नोटीस फलकावर लटकत असताना जोडप्याला कार्यकर्त्याच्या घरी लपवून ठेवण्याची कामे आपल्यातील अनेकांनी केली आहेत. २०२३च्या खटल्यातील मागणी प्रामुख्याने याच कायद्याबद्दल होती, की त्यातील शब्द स्त्री-पुरुषांपुरते न वाचता कोणत्याही दोन प्रौढांसाठी वाचावे. म्हणजे आपण ज्या दाराशी पहारा दिला, त्याच दाराशी ही माणसे उभी होती.

विचारांचा वारसाही आपल्याजवळ आहे. डॉ. लोहियांच्या सप्तक्रांतीत खासगी जीवनावरील अन्याय्य आक्रमणाविरुद्धची क्रांती आहे. बलात्कार आणि वचनभंग हे दोन अपराध वगळता स्त्री-पुरुषांच्या संबंधांत समाजाने नाक खुपसू नये, असे ते मानीत. ते स्त्री-पुरुषांविषयी बोलत होते हे मान्य. पण तत्त्व जेथपर्यंत नेले तेथेच थांबले पाहिजे असा नियम नाही. त्याही आधी र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. खटला हरला, दंड झाला. ज्यांच्यासमोर शेतकरी, अस्पृश्य, कामगार यांचे डोंगराएवढे प्रश्न होते, त्या आंबेडकरांनी हे सुखवस्तूंचे दुखणे म्हणून वकीलपत्र नाकारले नाही.

आपण मात्र दुसरे एक केले. आपल्या संघटनांत अविवाहित राहिलेल्या कितीतरी स्त्री-पुरुषांना ‘चळवळीला वाहून घेतलेले’ असे बिरुद लावून आपण मोकळे झालो. दोन कार्यकर्त्या जन्मभर एका घरात राहिल्या, एकीच्या आजारपणात दुसरीने उशा-पायथ्याशी रात्री काढल्या, आणि एक गेल्यावर शोकसभेत दुसरीचा उल्लेख ‘त्यांच्या सहकारी’ म्हणून झाला. अशी उदाहरणे आठवली की मान खाली जाते. त्या काय होत्या हे मला ठाऊक नाही, आणि विचारण्याचा अधिकारही नाही. पण त्यांना सांगावेसे वाटले असते, तर ऐकून घेणारा आपल्यात कोण होता?

त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांची परवा पुन्हा गाठ पडली. हे सर्व त्यांना सांगितले. भोपाळच्या शिपायांची गोष्ट त्यांनी लक्षपूर्वक ऐकली. शिधापत्रिकेची सूचना मात्र त्यांनी दोनदा विचारून घेतली. चष्मा काढून, डायरीत तारीख टिपून घेतली. तालुका कचेरीत दर सोमवारी लोकांचे अर्ज भरून देणारे आपले चार कार्यकर्ते आहेत. त्या अर्जात ‘कुटुंबप्रमुखाशी नाते’ असा एक रकाना असतो. अशी जोडी समोर आली तर त्यात काय लिहावयाचे, हे पुरवठा निरीक्षकांना लेखी विचारावे, असे त्यांनीच सुचविले. पत्राचा मसुदा ते करीत आहेत.